सायलेन्सरमधला कापूस

कामरगावात मी हल्ली स्टँडवरून जात नाही. शाळेचा सरळ रस्ता स्टँडवरूनच आहे, पण मी पिठाच्या गिरणीमागून, गोठ्यांमधून, शेण ओलांडत जातो. हेडमास्तरांनी विचारलं तेव्हा डॉक्टरांनी चालायला सांगितलंय असं ठोकून दिलं. डॉक्टर बिचारे काही बोललेले नाहीत. स्टँडवर लोक मला फार मान देऊन राह्यले, चहा पाजून राह्यले, आणि तो मान मला सोसत नाही, एवढंच कारण आहे.

सगळं झालं एका जुन्या डिझेल पिकअपपायी. ती मी घेतली. विज्ञानाच्या शिक्षकानं मालवाहू गाडी कायले घ्यावी, असं तुम्हीही विचाराल; गावात सगळ्यांचं विचारून झालंय. माझ्या बायकोनं, धम्मदीपानं, व्यवहाराच्या आधी विचारलं, नंतर विचारलं, आणि अजूनही भाजी वाढता वाढता मधूनच विचारते. माझं म्हणणं साधं होतं. गाडी माझी, चालवणार अमरसिंग, आणि हंगामात सोयाबीनची पोती कारंज्याच्या बाजारात नेली की दोन घरांचं भागेल.

अमरसिंग मूळचा मानोऱ्याकडच्या तांड्यावरचा. दर वर्षी दिवाळीच्या सुमारास तो, त्याची बायको कमलीबाई आणि पोरगी पिंकी मुकादमाच्या ट्रकमध्ये बसून ऊस तोडायला जात, ते उन्हाळ्यातच परत येत. पिंकीची शाळा त्यामुळे दर वर्षी अर्ध्यावर तुटायची. यंदा अमरसिंगानं कामरगावात खोली केली, पोरगी आठवीत माझ्याच वर्गात आली, आणि पहिल्या चाचणीत तिनं विज्ञानात माझ्या हेडमास्तरांच्या पुतण्याला मागं टाकलं. कमलीबाई एक दिवस शाळेच्या फाटकाशी थांबून मला म्हणाली, "सर, मुकादम रोज फोन करून राह्यला. गाडीचं पासिंग झालं का मी त्याले नाही म्हणून टाकते. नाही झालं तं आमाले जा लागते."

"झालंच समजा," मी म्हणालो.

पासिंग म्हणजे काय, तर मालवाहू गाडी ठरावीक काळानं वाशिमला आरटीओच्या मैदानात नेऊन दाखवायची. ब्रेक, दिवे, चाकं सगळं तपासून ती पुढं चालवायची परवानगी मिळते. धुराची पीयूसी त्याच्या आधी हातात लागते. आमच्या गाडीची मुदत दसऱ्यानंतर संपत होती. गाडी ठणठणीत होती, धूर नावापुरता. नुसती नेऊन उभी करायची होती. म्हणजे मला काहीच करायचं नव्हतं, आणि मला नेमकं तेच जमलं नाही.

एका रविवारी मी अमरसिंगाच्या बाजूला बसून धनजहून येत होतो. मागं पोती होती. चढावर गाडी जराशी दमली, आणि मागून चारा भरलेला ट्रॅक्टर आम्हाला ओलांडून पुढं गेला. चाऱ्यावर आमच्या नववी ब चे पोट्टे बसले होते. एक जण ओरडला, "सर, धक्का मारू का?" दुसऱ्यानं नमस्कार केला. धक्क्याचं मी विसरलो असतो, पण त्या नमस्काराचं मला फार लागलं.

संध्याकाळी शेजारचे पंजाबराव ओट्यावर होते. त्यांचं आयुष्य एसटीत तिकिटं फाडण्यात गेलं, पण ड्रायव्हरच्या पाठीमागं उभं राहून इंजिन ऐकलं, म्हणून ते स्वतःला इंजिनाचे वैद्य समजतात. मी झालेला प्रकार सांगितला, ट्रॅक्टर जरा मोठा करून सांगितला.

"गाडीचा श्वास कोंडून राह्यला, सर," ते म्हणाले. "सायलेन्सरमधी जाळी ठोकेल असते. ते काढून फेका. अन् डिझेल वाढवा. मंग पहा, ट्रॅक्टर कायचा, विमान मागं पडते. कारंज्याले आपला वीरेंद्र मेकॅनिक आहे. माझं नाव सांगा."

अमरसिंगाला सांगितलं तर तो डोकं खाजवत राहिला. "सर, पासिंग तोंडावर आलं. आता कायले हात लावता? झाल्यावर करू ना."

यावर मी त्याला ज्वलन या विषयावर छोटासा तास दिला. हवा जास्त, इंधन जास्त, ताकद जास्त. ती जाळी धूर स्वच्छ करायला असते, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. मी दर वर्षी शिकवतो ते. आमच्या शाळेच्या हरित सेनेचा मी प्रमुख आहे. पण नववी ब समोर अपमान झालेला माणूस पुस्तकातलं सगळं जाणत असला तरी काही उपयोग नसतो. अमरसिंगानं तास ऐकून घेतला. पोरीचे सर म्हटल्यावर तो काय बोलणार?

वीरेंद्रनं फार अगत्य केलं. खुर्ची पुसली, चहा मागवला. "सरांकडून कुठं मजुरी घेता?" म्हणाला. जाळीचा डबा कापून काढला आणि म्हणाला, "भंगार आहे, मीच ठेवून घेतो." मग ते भंगार त्यानं मऊ फडक्यानं पुसलं आणि कपाटात ठेवून कुलूप लावलं. भंगाराला कुलूप लावणारा मेकॅनिक पाहून कोणालाही संशय आला असता. मला त्याची टापटीप आवडली. त्यानंतर त्यानं इंजिनाशी काड्यापेटीएवढी एक डबी जोडली. ती डबी म्हणे गाडीच्या कॉम्प्युटरला सांगते की डिझेल कमी पडून राह्यलं, मग तो बिचारा आणखी सोडतो. म्हणजे थोडक्यात ती खोटं बोलण्याची डबी होती, आणि ती मी, 'खरे बोलावे' लिहिलेल्या फळ्याखाली रोज उभा राहणारा माणूस, हौसेनं बसवून घेतली. शेवटी सायलेन्सरचं तोंड बाजूला वळवून चकचकीत नळी लावली.

परतीच्या वाटेत धनजचा चढ आला आणि गेला. काय पळाली गाडी! अमरसिंग आरशात पाहत होता. "सर, मागं काही दिसून नाही राह्यलं," तो म्हणाला. मी म्हटलं, मागं कशाला पाहतो, पुढं पाह्य.

मागं काय होतं ते अशोक विजयादशमीला कळलं. विहाराच्या कार्यक्रमासाठी खुर्च्या आणि खिरीचं मोठं पातेलं आमच्या गाडीतून न्यायचं मी मोठ्या मनानं कबूल केलं होतं. वंदना व्हायची होती. पांढऱ्या शुभ्र साड्या नेसून बाया रांगेत उभ्या होत्या. सगळ्यात पुढं लिलाबाई, नात्यानं माझ्या चुलत सासूबाई, विहाराचं कुठलंही काम त्यांच्याशिवाय हलत नाही. अमरसिंग मागं खुर्च्या उतरवत होता, आणि गाडी थोडी मागं घ्यायला हवी म्हणून मी स्वतः स्टेअरिंगवर बसलो.

"सर, हळू दाबजा," अमरसिंग मागून ओरडला.

मी हळूच दाबलं असतं. पण रांगेत शाळेचे दोन सहकारी होते, आणि त्यांनी गाडीचा नवा आवाज अजून ऐकला नव्हता. मी पाय दाबला. त्या चकचकीत नळीचं तोंड नेमकं रांगेकडे होतं. काळा लोट निघाला तो लिलाबाईंपासून शेवटच्या बाईपर्यंत सगळ्यांना घेऊन गेला. धूर विरला. लिलाबाईंनी पदर झटकला, तो आणखी काळा झाला. मग त्या अगदी शांतपणे म्हणाल्या, "जावईबापू, आमी पांढऱ्यात आलो होतो."

त्या शिव्या देत्या तर बरं झालं असतं. वंदना तशीच झाली. त्या वेळी कोणीतरी काढलेला आमच्या गल्लीतल्या बायांचा फोटो अजून गावाच्या ग्रुपवर आहे, ठिपके मोजता येतात इतका स्वच्छ. घरी आल्यावर धम्मदीपानं स्वतःची साडी बादलीत टाकली, पाठोपाठ गल्लीतल्या साड्या येत गेल्या, आणि तिनं बादली माझ्यापुढं सरकवली. काजळी तेलकट असते, ती चोळली की पसरते. हेही मी आठवीला शिकवतो.

मग पीयूसी. चौफुलीवरचा राजपाल ते केंद्र चालवतो, आमच्याच शाळेचा पालक. पूर्वी म्हणे गाडी घरी आणि पीयूसी खिशात असं चालायचं. आता गाडीचा फोटो, नंबराचा फोटो, आणि नळी सायलेन्सरात घालून खरोखर रेस करावी लागते. राजपालनं मशीनकडे पाहिलं, मग बराच वेळ माझ्याकडे पाहिलं. "सर, मशीन कधीकधी जास्त दाखवते," तो अदबीनं म्हणाला. पुन्हा रेस केली. "नाही सर," तो म्हणाला, "मशीन बरोबर आहे." त्याच्या टपरीच्या भिंतीवर 'धूर टाळा' असं पोरांनी रंगवलेलं चित्र होतं. खाली मार्गदर्शक म्हणून माझं नाव होतं. अमरसिंगानं ते वाचलं आणि वाचलंच नाही असं दाखवलं.

कारंज्याला धाव घेतली. "जाळी तं गेली सर नागपूरले," वीरेंद्र म्हणाला. नव्या जाळीची किंमत ऐकून मी त्याच्याच स्टुलावर खाली बसलो. डबी तरी काढ म्हटलं, तर म्हणाला, "आता इंजिनाले तिची सवय लागली, काढली तं रुसते." पासिंगची तारीख पुढं ढकलावी म्हणून वेबसाइट उघडली. ओटीपी जुन्या मालकाच्या मोबाइलवर जात होता. तो मालक पुण्याला मुलीकडे राहतो, आणि फोन उचलून "कोण?" एवढं विचारतो, सांगितलं की ठेवून देतो.

इकडे कमलीबाई मुकादमाला उद्या सांगते, परवा सांगते करत थोपवून धरत होती. पिंकी वर्गात माझ्याकडे पाहायची. मी फळ्याकडे तोंड करून शिकवत होतो.

आणि अशा वेळी मी कोणाकडे जावं? पुन्हा पंजाबरावांकडेच गेलो!

"एवढं कायले घाबरता?" ते म्हणाले. "आपून कापसाच्या मुलखातले माणसं. तेल गाळाचं तं कापूस, दवाखान्यात कापूस, कान वाहते तं कापूस. सायलेन्सरमधी ठासून भरा, काजळी अंदर राहते, पांढरा धूर बाहेर."

गाळण क्रिया! मला एकदम पटलं. शास्त्र होतं ना त्यात. नव्या कापसाची बोंडं अजून फुटायची होती, म्हणून मी आमच्या पाहुण्यांच्या गादीची शिवण उसवली. माहेरहून आलेली गादी, धम्मदीपाच्या आईनं स्वतः उभं राहून पिंजाऱ्याकडून भरून घेतलेली. पहाटे अमरसिंग आंघोळीला गेला असताना मी लाकडी दांड्यानं कापूस नळीत ठासला. त्याला काही सांगितलं नाही. त्यानं नकोच म्हटलं असतं.

वाशिमला मैदानाबाहेर पीयूसीची व्हॅन उभी होती, आणि पासिंगला आलेल्या गाड्यांची रांग. इन्स्पेक्टर मॅडम, रीता मॅडम, टेबल टाकून बसल्या होत्या. व्हॅनवाल्यानं मशीनची नळी आत सारायला पाहिलं. नळी जाईना. "अंदर काही आहे का?" "नवीन आहे, घट्ट आहे," मी म्हणालो. "बरं, एक डाव रेस करा, मोकळं होऊ द्या." अमरसिंगानं पाय दाबला. गाडी घुसमटली, थरथरली, आणि पुढं काय झालं ते वाशिमचे लोक अजून सांगत असतील.

आधी एक मोठा बोळा निघाला. तो व्हॅनवाल्याच्या कानाजवळून गेला. मग बाकीचा सगळा, काळा, धुमसता, पुंजक्यापुंजक्यानं. रांगेतल्या टेम्पोवर, चहावाल्याच्या उघड्या पातेल्यात, रीता मॅडमच्या टेबलावर. एक पुंजका त्यांच्या खांद्यावर बसून धूर सोडत राहिला. त्यांनी तो पेनानं उडवला आणि उठून आल्या.

"हे काय आहे?"

"कापूस," मी म्हणालो.

त्या वाकल्या, नळी पाहिली, बॉनेट उघडायला लावलं, डबी पाहिली. "आतली जाळी, कन्व्हर्टर कुठे आहे? मालक कोण?"

मी वर्गातल्या पोरासारखं बोट वर केलं.

"काय करता?"

"शिक्षक आहे."

"विषय?"

रांगेतले लोक जवळ सरकले होते. "विज्ञान," मी म्हणालो, आणि सगळं मैदान हसलं. चहावाला तर पातेलं खाली ठेवून हसला. दोन-तीन मोबाइल माझ्याकडे वळले होते.

रीता मॅडम हसल्या नाहीत. "हे बदल कोणी केले? नीट सांगा. मालकानं केले असतील तर नोटीस मालकाला जाईल, तुम्ही गाडी पूर्ववत करून आणा, मी पुन्हा पाहीन. ड्रायव्हरनं परस्पर केलं असेल तर त्याचं लायसन मला रोखावं लागेल."

आता इतकं स्पष्ट विचारल्यावर उत्तर एका शब्दाचं होतं. मी. तोंडही उघडलं होतं मी, खरंच उघडलं होतं. पण समोर ते मोबाइल होते, आणि मला शाळेचा ग्रुप दिसायला लागला, हेडमास्तर दिसायला लागले, नववी ब दिसायला लागली.

"म्या केलं मॅडम," बाजूनं अमरसिंग म्हणाला. "सरांले यातलं काही मालूम नाही."

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. "खरं आहे?"

मी चष्मा काढला आणि पुसायला लागलो. काच स्वच्छ होती, तरी पुसत राहिलो. मॅडम थोडं थांबल्या. मग त्यांनी अमरसिंगाचं लायसन मागितलं. हंगाम संपेपर्यंत ते त्याला परत मिळायचं नव्हतं. त्यानं लायसन पाकिटातून काढून शर्टाला पुसून दिलं.

परत येताना गाडी मी चालवली, कारण त्याला आता चालवता येत नव्हती. अमरसिंग बाजूला बसून रस्ता पाहत होता. मग तोच म्हणाला, "जाऊ द्या सर. शाळेत तुमची इज्जत आहे. मले कोण ओळखते?" मला रडू आलं. गाडी थांबवून उलट फिरवायला हवी होती, वाशिम काही पळून गेलं नव्हतं. मी गियर बदलला आणि घरी आलो.

गावात बातमी माझ्या आधी पोचली होती, पंजाबरावांनी ती आणखी सजवली होती. ड्रायव्हरनं सरांची सोन्यासारखी गाडी बिघडवली, आणि सर त्याला एक शब्द बोलले नाहीत. सरांचं मन पहा! स्टँडवर मला चहाचे पैसे देऊ देईनात. मी "तसं नाही हो" म्हणालो, तर आणखी एक चहा आला. धम्मदीपाला मी सगळं खरं सांगितलं. तिनं ऐकलं, उसवलेली गादी बाहेर आणून माझ्यासमोर ठेवली आणि म्हणाली, "उद्या वाशिमला जा. नाही गेलात तर माझ्याशी बोलू नका."

गेलो. मैदानाच्या फाटकापर्यंत गेलो. तिथं तोच चहावाला होता. "या या कापूसवाले सर!" त्यानं लांबून हाक मारली, आणि लोक वळून पाहायला लागले. मी एसटीत बसून परत आलो. धम्मदीपाला सांगितलं, मॅडम रजेवर आहेत. मग दिवाळीच्या सुट्ट्या लागल्या, आणि ऑफिस खरंच बंद झालं.

दिवाळी आटोपल्यावर कळलं, अमरसिंगानं खोली सोडली. मी सकाळची गाडी धरून मानोऱ्याकडच्या त्या तांड्यावर पोचलो तेव्हा मुकादमाचा ट्रक भरत होता. पत्रे, भांडी, कोंबड्यांचं खुराडं, शेळी. पिंकी वर बसली होती. मला पाहून ती उभी राहिली, वर्गात राहते तशी.

"कमलीबाई," मी म्हणालो, "पिंकीला आमच्याकडे राहू द्या. धम्मदीपानं निरोप दिलाय. शाळा पुरी होईल तिची."

कमलीबाई भांड्यांचं बोचकं बांधत होती. तिनं आधी गाठ पक्की केली. "पोरगी कोणाच्या भरवशावर ठेवू, सर?" एवढंच म्हणाली. आवाज चढवला नाही. मला सर म्हणायचंही सोडलं नाही.

तेवढ्यात मुकादम पुढं आला. "हेच का ते सर? अमरसिंगानं ज्याइची गाडी खराब केली?" तो ट्रकमधल्या लोकांकडे वळला. "पहा रे, एवढं नुकसान झालं तरी वाटेले लावाले आले."

लोक वाकून पाहायला लागले. कोणीतरी हात जोडले. अमरसिंग ट्रकच्या फळीला धरून मान खाली घालून उभा होता, आणि त्याच्याच तांड्यातले लोक त्याच्याकडे कसे पाहत होते ते मला दिसलं. मग मात्र मला राहवेना.

"त्यानं काही केलं नाही!" मी ओरडलो. "गाडी मी बिघडवली. जाळी मी काढली, डबी मी बसवली, कापूस मी भरला. कापसाचं तर त्याला ठाऊकही नव्हतं. त्यानं माझ्यासाठी खोटं सांगितलं, आणि मी गप उभा राहिलो. लाज वाटते मला!"

मग मुकादमाचे डोळे भरून आले. "देवमानूस आहे बावा," तो म्हणाला. "ड्रायव्हरची चूक सोताच्या डोक्यावर घेऊन राह्यला." एक म्हातारी खाली उतरून माझ्या पाया पडली. "नाही हो, खरंच मीच!" मी म्हणत राहिलो, आणि जितकं म्हणालो तितके हात जोडले गेले. अमरसिंगानं मला धरून बाजूला घेतलं. "बस करा सर," तो हळूच म्हणाला.

ट्रक सुरू झाला. कमलीबाई चाकावर पाय देऊन वर चढली, पिंकीजवळ बसली, आणि पहिल्यांदा तिनं माझ्याकडे नीट पाहिलं.

"सर," ती म्हणाली, "हे वाशिमले काहून नाही बोलले?"